पाठीवर खवले, पोटात भूक

फार पूर्वी, म्हणजे जनावरं भांडतानासुद्धा एकमेकांचं नीट ऐकून घेत असत तेव्हा, एका डोंगराच्या कुशीत बेहड्याचं एक भलंमोठं झाड होतं. त्याच्या बुंध्याला खोलीएवढी ढोली होती, वर आडव्या फांद्या होत्या आणि मुळांपासून हाकेच्या अंतरावर ओढा होता. ओढ्याच्या काठी सपाट कातळ होता. त्या कातळावर दिवसभर ऊन असे.

जंगलातल्या आयांना दिवसभर कामं असत. कुणाला चरायला जायचं असे, कुणाला शिकारीला, तर कुणाला बीळ खणायचं असे. तेवढा वेळ पिल्लाला कुठे ठेवायचं? तर या झाडाशी. म्हणून सगळे त्याला पाळणाझाड म्हणत. तिथली एकच रीत होती, झाडाच्या सावलीत कुणी कुणाला खायचं नाही. आता तुम्ही विचाराल, बिबट्यासुद्धा ही रीत पाळायचा का? पाळायचा. त्याचंही पिल्लू तिथेच असायचं ना!

या झाडाची राखण एक म्हातारी वानरीण करत असे. तोंड काळं, शेपूट लांब आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरावर ऐकू जावा. मनाने वाईट नव्हती ती. पण कामाची घाई फार आणि आपल्या शहाणपणावर विश्वास त्याहून फार.

रोज सकाळी पिल्लं घेऊन आयांची रांग लागे. वानरीण प्रत्येक पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवी आणि ओरडे, "पाठ दाखव, जागा घे!" पाठीला पिसं लागली, की पिल्लू वरच्या फांदीवर. केस लागले, की ढोलीत. आणि खवले लागले, की ओढ्याकाठच्या कातळावर. झाला निकाल. पुढचा!

आणि खरं सांगायचं तर तिचा हिशेब बहुतेक वेळा बरोबरच निघे. फांदीवरच्या पिल्लांना त्यांचे आईबाप चोचीतून किडे आणून भरवत. ढोलीतल्या पिल्लांना दूध लागे. तिथे आया पाळीपाळीने बसत आणि सगळ्यांच्या लेकरांना पाजत. कातळावर मात्र कुणी कुणाला भरवत नसे. सरड्याचं किंवा कासवाचं पोर अंडं फोडून बाहेर आलं, की थेट पोटापाण्याच्या मागे लागतं. त्याला दूध ठाऊक नसतं, आणि दुधावाचून त्याचं काही अडतही नाही. ऊन असलं, पाणी असलं आणि डोक्यावर घार नसली, की झालं. घारीवर लक्ष ठेवायला तिथे एक घोरपड असे.

पूर्वी एवढी कडक वाटणी नव्हती. पण एकदा एका मायाळू सशिणीने कासवाची चार पिल्लं उचलून ढोलीत नेली. "आईवाचून पोरकी आहेत गो बिचारी!" असं म्हणून तिने त्यांना दिवसभर कुशीत दाबून धरलं आणि दूध पाजायची खटपट केली. पिल्लांना पाहिजे होतं पाणी. संध्याकाळपर्यंत ती सुकून मलूल झाली. वानरिणीने त्यांना धावत नेऊन ओढ्यात सोडलं म्हणून वाचली. तेव्हापासून तिने ठरवून टाकलं, खवलेवाला ढोलीत घ्यायचा नाही म्हणजे नाही.

असं हे सुरळीत चाललं होतं.

थंडीच्या दिवसांत एके सकाळी रांगेत एक नवीन आई आली. खवल्या मांजराची मादी होती ती. हे जनावर तुम्ही पाहिलं नसेल. नावात मांजर आहे, पण मांजराशी त्याचं काही नातं नाही. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत वरून सगळे खवलेच खवले. तोंडात दात नाहीत, जीभ मात्र हातभर लांब. ती वारुळात घालायची आणि मुंग्या खायच्या. दृष्टी अधू. आणि स्वभाव एवढा भित्रा, की कुणी नुसता आवाज चढवला, तरी ते अंगाचा चेंडू करून बसतं.

तिच्या शेपटीवर तिचं एकुलतं एक पिल्लू घट्ट बसलं होतं. वीतभर लांब, फिकट रंगाचं, आणि खवले अजून नखांसारखे मऊ. आदल्या दिवशी गव्यांचा कळप तिच्या बिळावरून गेला होता आणि बीळ खचलं होतं. पलीकडच्या उतारावर नवीन बीळ खणायला तिला दोन दिवस तरी लागणार होते.

तिची पाळी आली.

"पाठ दाखव!" वानरीण ओरडली.

"मावशी, याला ना..." खवलीण हळू आवाजात बोलू लागली.

"पाठ दाखव म्हणते ना! मागे रांग आहे!"

झालं. खवलिणीच्या अंगाचा चेंडू झाला. वानरिणीने पिल्लू उचललं आणि पाठीवरून हात फिरवला. खवले. "कातळ!" असं म्हणून ती पिल्लू घेऊन निघूनही गेली.

खवलीण थोड्या वेळाने हळूच उघडली. तोवर समोर दुसऱ्याच कुणाचं पिल्लू होतं. पिल्लू कुठे नेलं ते तिच्या अधू डोळ्यांना दिसलं नव्हतं. पण पाळणाझाडाचं नाव तिने ऐकलं होतं. 'मावशी एवढी वर्षं हेच काम करते. तिला कळत असेलच,' असं स्वतःला समजावत ती डोंगर उतरून गेली. आणि बीळ खणताना दोन दिवस तिचा जीव तिच्या पिल्लापाशी राहिला.

इकडे पिल्लू कातळावर आलं. तिथे चार सरडुली, एक सापसुरळी आणि कासवाची बरीचशी पिल्लं होती. सगळी आपापल्या कामात. कुणी माशी पकडतंय, कुणी शेवाळ खातंय, कुणी नुसतंच ऊन खातंय. नव्या पिल्लाने एक कोपरा धरला आणि ते तोंडाने चूक चूक करत बसलं.

घोरपडीने त्याच्यापुढे मुंग्यांची अंडी आणून टाकली. "खा, पोरा. तुमच्या घराण्याचं आवडतं आहे म्हणतात."

पिल्लाने नाक लावलं आणि तोंड फिरवलं. मोठं झाल्यावर त्याने मुंग्या चाटूनपुसून खाल्ल्या असत्या. पण जन्माला येऊन दहाच दिवस झालेल्या लेकराला मुंग्या काय समजणार?

दुपार झाली, ऊन उतरलं आणि कातळ गार पडू लागला. तशी कातळावरची सगळी पिल्लंही गार पडली आणि फटींत शिरून निवांत झाली. त्यांचं अंग कातळाबरोबर तापतं आणि कातळाबरोबर निवतं. त्यात त्यांना काही त्रास नसतो. पण हे नवं पिल्लू कुडकुडत होतं. घोरपडीने त्याला नाक लावलं आणि ती दचकली. कातळ गार, वारा गार, पण या पोराचं अंग आतून गरम!

ती तशीच सरपटत झाडाशी गेली. थंडीत घोरपडीचे पाय आखडतात, तरी गेली.

"वानरीणबाई, ते पोर आमच्यातलं नाही गो," ती म्हणाली. "आमची पोरं अशी रडत नाहीत. आणि त्याचं अंग आपलं आपण गरम राहतंय. आमच्यात असं कुणाचं राहत नाही."

"पाठीवर काय आहे त्याच्या?" वानरिणीने विचारलं.

"खवले आहेत. पण..."

"मग तुमचंच. उगाच पण आणि बिण लावू नकोस. मागे कासवाची पिल्लं मरता मरता वाचली, विसरलीस? तेव्हा धावत कोण गेलं होतं? मी! आता परत कुणाच्या दयेपायी मी नियम मोडायची नाही."

घोरपडीचा नाइलाज झाला. ती परत आली आणि पिल्लाला आडोशाला घेऊन बसली. पण तिचं स्वतःचं अंगच गार. तिने ऊब आणायची कुठून? 'देवा, एवढ्यासाठी तरी मला गरम अंग द्यायचं होतंस,' असं तिला वाटलं. पिल्लू तिच्या पायाचं बोट तोंडात धरून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लाची चूक चूक थांबली होती. उन्हात ठेवलं तरी ते मान उचलेना.

आता या गोष्टीत आणखी एक आई आहे, तिच्याबद्दल सांगायचं राहिलं. ती होती एक भेकरी. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. या भेकरीचं पाडस चार दिवसांपूर्वी बिबट्याने नेलं होतं. नेलं सावलीच्या बाहेर, त्यामुळे रीत काही मोडली नव्हती. पण रीत मोडली नाही म्हणून आईचं दुःख थोडंच कमी होतं? तिची कास दुधाने भरून ठणकत होती. सवयीने ती रोज झाडाशी येई. वानरीण तिला म्हणे, "बायो, ज्यांचं पिल्लू आहे त्यांनीच ढोलीत बसायचं. तुझं आता इथे कोण आहे? जा, चर जरा." भेकरी जात नसे. ओढ्यापलीकडे उभी राहून ढोलीकडे बघत असे.

ऊन अंगात भिनून पाय हलू लागले, तशी घोरपड तिच्याकडे गेली.

"भेकरीबाई, वेडी म्हणशील मला," ती म्हणाली, "पण ते खवल्याचं पोर काल माझं बोट तोंडात घेऊन ओढत होतं. हे काय असतं गो? आमच्यात असं काही नसतं."

भेकरीचे कान ताठ झाले. "ओढत होतं? कसं ओढत होतं?"

"असं." घोरपडीला काही धड करून दाखवता येईना. तिचं तोंड त्या कामाचं नव्हतंच.

पण भेकरीला कळलं. "अगो, लुचत होतं ते!" असं म्हणत तिने एका उडीत ओढा पार केला.

ती कातळावर पिल्लापाशी आडवी झाली आणि तिने नाकाने त्याला कासेशी ढकललं. पिल्लू हललं नाही. तिने पुन्हा ढकललं आणि त्याचं तोंड चाटलं. घोरपड श्वास रोखून बघत होती. आचळातून आपसूक सुटलेलं दूध पिल्लाच्या नाकावर पडलं. त्याची लांब जीभ जराशी बाहेर आली, आत गेली. मग पुन्हा बाहेर आली. आणि मग त्याने तोंड लावलं आणि जे लुचायला लागलं, ते लुचतच राहिलं. भेकरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कास ठणकायची थांबली म्हणून, की आणखी कशाने, ते आईलाच माहीत.

तेवढ्यात झाडावरून वानरिणीने हे पाहिलं. फांद्या मोडत ती खाली आली.

"काय चाललंय हे? खवलेवाल्याला दूध? मारायचंय का त्याला?"

भेकरी एरवी पानाच्या सळसळीने पळणारी. पण आज उठली नाही. "मावशी, ओरडू नका. पीत आहे ते."

"पाठीवर खवले आहेत त्याच्या!"

"पाठीवर आहेत. भूक पाठीत नसते, मावशी."

असं म्हणून तिने नाकाने पिल्लाला अलगद उलटं केलं. पोट वर आलं. पोटावर एकही खवला नव्हता. गुलाबी, मऊ कातडी आणि तिच्यावर विरळ, बारीक केस. पिल्लाच्या हनुवटीवरून दूध ओघळत होतं, आणि उलटं केल्याच्या रागाने त्याने पुन्हा चूक चूक सुरू केली होती.

वानरीण खाली बसली. ज्या हाताने तिने हजार पाठी चाचपल्या होत्या, तोच हात तिने त्या पोटावर ठेवला. पोट गरम होतं. मग तिने करंगळी पिल्लाच्या तोंडाशी नेली. पिल्लाने ती पकडली आणि लुचायला सुरुवात केली. असंच लुचणारी तिची स्वतःची सात लेकरं तिने वाढवली होती. तिला काय ते ओळखू येणार नव्हतं?

मग तिने करंगळी हळूच सोडवून घेतली आणि ती घोरपडीकडे वळली.

"घोरपडी," ती म्हणाली, "काल तू सांगायला आलीस. थंडीत आलीस. मी तुझं ऐकलं नाही. चुकले मी."

तिने पिल्लाला छातीशी धरलं आणि स्वतः ढोलीत नेलं. भेकरीला म्हणाली, "तूही ये, बायो. जागा आहे." ढोलीत साळिंदरीण बसली होती. तिने काटे मिटून सरकून जागा केली. "मलासुद्धा पहिल्यांदा दोन दिवस बाहेर बसवलं होतं हो," ती कुरकुरली. "काटे हे जाड झालेले केसच, हे पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले होते." वानरिणीने मान खाली घातली.

तिसऱ्या दिवशी दुपारी खवलीण परत आली. नखं मातीने भरलेली, अंग थकलेलं. पिल्लू भेकरीच्या कुशीत पोट भरून झोपलेलं होतं.

आता खरी परीक्षा होती ती वानरिणीची. पिल्लू धडधाकट होतं. आईला नीट दिसत नव्हतं. घोरपड चहाडी करणारी नव्हती आणि भेकरी तर आनंदातच होती. 'घे तुझं लेकरू, छान राहिलं हो!' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. नाव राहिलं असतं, मान राहिला असता.

वानरीण खाली उतरली आणि तिच्यासमोर बसली.

"बायो," ती म्हणाली, "तुझं पोर एक दिवस आणि एक रात्र उपाशी राहिलं. थंडीत राहिलं. मी त्याची पाठ बघितली आणि कातळावर टाकलं. घोरपड आणि भेकरी, या दोघी नसत्या, तर आज मी तुला तोंड दाखवू शकले नसते."

खवलिणीच्या अंगाचा तत्काळ चेंडू झाला. खवल्यांवर खवले घट्ट बसले आणि आतून काही ऐकू येईना.

बाकीच्यांना वाटलं, झालं, आता ही उठेल आणि पोर घेऊन कायमची निघून जाईल. पोरं परत न्यायला रांगेत उभ्या असलेल्या आया कुजबुजू लागल्या. कुणीतरी म्हणालं, "मावशी, मागे रांग आहे."

"असू दे," वानरीण म्हणाली. आणि ती तिथेच बसून राहिली. ओरडली नाही, हलवलं नाही. सावली हातभर सरकली तरी बसून राहिली. मागे ज्या आईसाठी ती दोन शब्दांपुरतीही थांबली नव्हती, तिच्यासाठी ती आज अर्धी दुपार थांबली.

हळूहळू चेंडू उघडला. आधी नाक बाहेर आलं, मग ओले डोळे. खवलिणीने मावशीकडे पाहिलं आणि परवा अर्धंच राहिलेलं वाक्य पुरं केलं.

"मावशी, याला ना... दूध लागतं. आणि झोपताना शेपटीवर बसायची सवय आहे."

वानरीण तिच्याजवळ सरकली. "सांग, बायो," ती म्हणाली. "आणखी काय काय लागतं? सगळं सांग. मी ऐकतेय."

"शेपटीवर?" ढोलीतून भेकरी म्हणाली. "अगो, म्हणून सारखं माझ्या मागे चढत होतं होय! माझी शेपटी ती केवढीशी! घसरून पडायचं बिचारं."

आणि रडता रडता खवलीण हसली. दोघी आयांनी मिळून त्या पिल्लाला चाटलं. जाताना खवलीण भेकरीला म्हणाली, "अधूनमधून आणीन याला. दोन आया आहेत आता त्याला." त्यानंतर भेकरीला ओढ्यापलीकडे उभं राहावं लागलं नाही. ढोलीत तिची जागा कायमची झाली. ज्या पोरांच्या आयांना यायला उशीर होई, त्यांना ती पाजू लागली.

पुढे आठ दिवसांनी रांगेत एक वटवाघळीण आली. छातीला तिचं पिल्लू चिकटलेलं होतं, दोघांनाही पंख होते. रांगेतली पोरं लगेच ओरडली, "पंख! पंख! वरच्या फांदीवर!"

"गप्प बसा," वानरीण म्हणाली. तिने पाठीवरून हात फिरवला नाही, पंखांकडेही पाहिलं नाही. करंगळी पुढे केली. पिल्लाने ती तोंडात धरली आणि लुचू लागलं.

पोरांचे डोळे मोठे झाले. वानरीण हसली आणि त्यांना म्हणाली, "बघा रे पोरांनो. कुणी उडतं, कुणी पळतं, कुणी खणतं. कुणाला काटे, कुणाला खवले, कुणाला पंख. पण आईचं दूध पिऊन जे वाढतं, ज्याच्या अंगावर कुठे ना कुठे केस सापडतात आणि ज्याचं अंग थंडीतसुद्धा आतून गरम राहतं, ते आपल्या ढोलीतलं. आणि जे तसं नसतं, ते काही कमी नसतं हं. त्याला ऊन, पाणी, चोचीतला घास, जे लागतं ते मिळालं की झालं."

मग ती वटवाघळिणीकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "हं, बायो. सांग. याला काय काय लागतं?"

तात्पर्य: कुणाचंही लेकरू हाती आलं, की त्याची पाठ बघून त्याची जागा ठरवू नका. आधी त्याची भूक ओळखा, आणि त्याची आई बोलत असेल तर तिचं वाक्य पुरं होऊ द्या.